ताई, तुमची पट्टी खोटी आहे!

प्रॅक्टिकलचं रीडिंग आपण सगळ्यांनीच 'आणलंय'. पण खरोखर मोजलं किती जणांनी? सहावीच्या एका वर्गात कागदाच्या पट्ट्या घेऊन गेले आणि माझीच परीक्षा झाली, त्याची ही गोष्ट.

खरं खरं सांगा. अकरावीला साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल होतं, तेव्हा तुम्ही किती झोके मोजले होते?

माझं सांगते. एकही नाही. आमच्या बॅचमधल्या एका स्कॉलर मुलाचं जर्नल टेबलावरून फिरत फिरत आमच्यापर्यंत आलं. 'जी'ची किंमत ९.८ च्या आसपास यायलाच हवी, म्हणून आम्ही आधी उत्तर लिहिलं, मग उलटं गणित करून वेळ काढला आणि शेवटी झोके भरले. सगळ्यांचं सेम दिसू नये म्हणून कुणी ९.७८ लिहिलं, कुणी ९.८१. तेवढी कलाकारी जमत होती. जर्नलवर सही झाली, मार्क मिळाले, बारावीनंतर मी मास कॉमला आले. विषय संपला.

तो संपलेला विषय गेल्या महिन्यात एका सहावीतल्या मुलीनं पुन्हा उकरून काढला.

चाळीस पट्ट्या, एक पीडीएफ

झालं असं, की माझी एक मैत्रीण बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती आणि तिचे चार-पाच मित्र दर शनिवारी पुण्यातल्या एका महापालिकेच्या शाळेत जाऊन मुलांबरोबर प्रयोग करतात. मी पुरवणीसाठी विषय शोधत होते. म्हटलं, मी पण येते. ती म्हणाली, "नुसती बघायला येऊ नकोस. पहिला विषय मोजमाप आहे. कागदाच्या पट्ट्या तू घेऊन ये."

काम सोपं होतं. पंचवीस सेंटिमीटरच्या पट्टीची पीडीएफ मिळाली. एका पानावर चार पट्ट्या. झेरॉक्सवाल्याकडे दहा प्रिंट काढल्या, कात्रीनं कापल्या, चाळीस पट्ट्या तयार. तिच्या पिशवीत बाकीचं सामान होतं: मेडिकलमधून आणलेल्या बिनसुईच्या सिरिंज, औषधाच्या बाटल्यांची मापाची झाकणं, दोरा, लिटरची रिकामी बाटली, एक थर्मामीटर आणि स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा. मी विचारलं, "एवढंच? बीकर, टेस्ट ट्यूब, काही नाही?" ती म्हणाली, "चंचुपात्र बघून मुलं घाबरतात, काच फुटेल म्हणून. सिरिंज बघून नाही घाबरत, सुई काढली की."

पहिलं काम, बसतो तो बाक मोजायचा. मुलांनी आधी वितीनं मोजला. कुणाच्या पाच विती, कुणाच्या सहा, एक जण म्हणाला साडेचारच. वर्गात गोंधळ. मग मी ऐटीत पट्ट्या वाटल्या. मुलं पट्टी सरकवत सरकवत, पेन्सिलीची खूण करत मोजायला लागली. पट्टी तिरकी गेली की बाक लांब व्हायचा. कुणी मध्ये जागा सोडली, तर कुणाची पट्टी आधीच्या खुणेवर चढली. मैत्रीण प्रत्येकाच्या शेजारी जाऊन एकच सांगत होती, "डोळा खुणेच्या बरोबर वर आण. बाजूनं बघू नकोस." फळ्यावर आकडे आले: ९२.५, ९३, ९३.५, ९२.८, पुन्हा ९३. मी खूश. वितीनं भांडणारी मुलं पट्टीनं एकमतावर आली होती! माझ्या फीचरचा शेवट मला तिथेच सापडला. प्रमाणित माप आलं की वाद मिटतात, वगैरे वगैरे.

पुढच्या शनिवारी आम्ही वर्गात शिरलो, तर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिची आई घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. मुलीच्या हातात आईचा टेप होता.

"ताई, तुमची पट्टी खोटी आहे."

कोण खरं, कोण खोटं?

टेपनं बाक भरत होता ९० सेंटिमीटर. आमच्या पट्टीनं ९३. मी लगेच बचावाला उभी राहिले. म्हटलं, "अगं, कापडी टेप जुना झाला की ताणतो. सगळ्या वर्गाचं उत्तर ९३ आलंय ना?" पहिला मुद्दा बरोबर होता. ताणलेला टेप कमी आकडा दाखवतो, हे खरंच आहे. दुसरा मुद्दा मात्र मी नेहमीच्या सवयीनं मांडला होता. सगळ्यांचं सेम आलंय म्हणजे बरोबर असणार. बरोबर माझ्या अकरावीच्या जर्नलसारखं.

मैत्रिणीनं ना माझी बाजू घेतली, ना त्या मुलीची. तिनं वर्गाला विचारलं, "दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतायत. आता काय करायचं?" एक मुलगा म्हणाला, "तिसरा आणायचा." तिसरा कुठून आणायचा? शाळेची लाकडी मीटरपट्टी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली सरांकडे. सर त्या दिवशी ट्रेनिंगला.

मग मैत्रिणीनं पिशवीतून एक कोरा ए-फोर कागद काढला. ए-फोरचा आकार आंतरराष्ट्रीय मानकानं ठरलेला असतो, २१० मिलिमीटर बाय २९७ मिलिमीटर. कारखान्यात तो कापतानाच त्या मापानं कापतात. म्हणजे कागदाची लांब बाजू हीच एक २९.७ सेंटिमीटरची पट्टी! तो कागद मुलांनी बाकावर तीन वेळा ठेवला, ८९.१ झाले. उरलेली जागा बोटभर. सेंटिमीटरच्या थोडी वर. म्हणजे बाक ९० च्या किंचित पुढे. टेप जिंकला.

मग उलटी तपासणी. आमच्या कागदी पट्टीनं तोच ए-फोर मोजला. यायला हवे होते २९.७, आले ३०.६. प्रत्येक सेंटिमीटर थोडा थोडा कमी होता. अख्खी पंचवीस सेंटिमीटरची पट्टी प्रत्यक्षात सव्वाचोवीसची होती.

लोच्या कुठे झाला होता? प्रिंट देताना स्क्रीनवर 'फिट टू पेज' टिक केलेलं होतं. कडेचा समास सांभाळायला प्रिंटरनं पानच ९७ टक्के करून टाकलं. झेरॉक्सवाल्याची काही चूक नाही. मी पट्टीची प्रिंट काढली, आणि पट्टी पट्टीनं तपासायची असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मुलांना हे प्रकरण भयंकर आवडलं. चाळीस जणांनी नीट मोजलं होतं, डोळा बरोबर वर ठेवून मोजलं होतं, उत्तरंही जवळजवळ सारखी आली होती. आणि सगळी चुकली होती. फिजिक्सच्या पुस्तकात यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. आकडे एकमेकांच्या जवळ येणं ही अचूकतेची एक बाजू, प्रिसिजन. आकडे खऱ्याच्या जवळ येणं ही दुसरी, ॲक्युरसी. मी हे दोन शब्द परीक्षेत 'फरक स्पष्ट करा'ला लिहून दोन मार्क घेतलेत. अर्थ कळला तो सहावीच्या वर्गात.

दोनशे वर्षांपूर्वीचं एक लपवलेलं रीडिंग

घरी आल्यावर मी मीटरबद्दल वाचत बसले आणि एक माणूस भेटला, पिएर मेशँ. हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत ठरलं, की लांबीचं नवं माप कुठल्या राजाच्या हातापायावरून घ्यायचं नाही, पृथ्वीवरून घ्यायचं. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. त्यासाठी १७९२ मध्ये दोघं जण निघाले. देलाम्ब्र उत्तरेला डंकर्ककडून, मेशँ दक्षिणेला बार्सिलोनाकडून. काम सुमारे सहा-सात वर्षं चाललं.

बार्सिलोनात मेशँनं दोन ठिकाणांहून ताऱ्यांची निरीक्षणं घेतली. दोन्हींवरून येणारे अक्षांश एकमेकांशी जुळायला हवे होते. ते जुळेनात. फरक किती? एका अंशाचे ३,६०० भाग केले, तर त्यातले साधारण तीन. आपण तर खोडरबर फिरवून मोकळे झालो असतो. मेशँला त्या तीन भागांनी आयुष्यभर झोपू दिलं नाही. पण त्यानं तो फरक सांगितलाही नाही, लपवला. १७९९ मध्ये मीटर जाहीर झाला, त्याचं कौतुक झालं, तरी तो अस्वस्थच. चूक भरून काढायला मोजणी आणखी दक्षिणेला न्यायची म्हणून तो पुन्हा स्पेनला गेला आणि तिथेच १८०४ मध्ये तापानं वारला. त्याच्या वह्या देलाम्ब्रच्या हाती आल्या, तेव्हा दडवलेले आकडे उघड झाले.

यातली चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. तो जुना मीटर ठरलेल्या व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर कमी भरला हे खरं. पण त्याचं मुख्य कारण मेशँ नव्हता. पृथ्वीचा आकारच त्या काळच्या हिशेबाइतका सरळसोट नव्हता. मेशँनं ते न जुळणारं रीडिंग मोकळेपणानं मांडलं असतं, तर कदाचित चुकांचाच अभ्यास लवकर सुरू झाला असता.

आम्ही अकरावीत जी रीडिंग गाळली, त्यातून काही शोध लागणार नव्हता, मान्य. पण एक गोष्ट शिकता आली असती. आपल्या लंबकाचं उत्तर ९.३ का आलं? दोरी कुठून कुठपर्यंत मोजली? झोका मोजायला सुरुवात करताना 'एक' म्हटलं की 'शून्य'? 'एक' म्हटलं असेल, तर आपले वीस झोके प्रत्यक्षात एकोणीसच असतात. हे प्रश्न विचारायची संधी आम्ही स्वतःच खोडून टाकली.

शेर, पायली आणि नवा पैसा

आजोबांना हा किस्सा सांगितला, तर ते हसले. म्हणाले, "आमच्या लहानपणी तर सगळीच मापं बदलली." भारतात १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधीच १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला होता आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले. आजोबांना चिपटं, मापटं, शेर, पायली पाठ. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळं दुपटी-चौपटीचं. धान्य निम्मं-निम्मं वाटून घ्यायला एकदम सोयीचं. अडचण अशी की या गावचं माप आणि त्या गावचं माप सारखं असेलच असं नाही. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, पण 'शेर' म्हणून दुसरंच माप वापरणारे भाग होतेच.

मेट्रिकची गंमत मला मात्र दहाच्या पाढ्यात वाटत नाही. एकातून दुसरं बाहेर पडतं, त्यात वाटते. दहा सेंटिमीटर लांब, रुंद, उंच खोका घेतला की त्यात एक लिटर पाणी मावतं आणि त्या पाण्याचं वजन जवळपास एक किलो भरतं. म्हणजे एक चांगली पट्टी हाताशी असली, तर तिच्यावरून लिटरही तपासता येतो आणि किलोही. आमच्या मुलांनी सिरिंजनं पाणी भरूनच वजनं बनवली. पट्टीच्या मधोमध दोरा, दोन बाजूंना दोन कागदी कप, झाला तराजू. एका कपात पाच मिलिलिटर पाणी म्हणजे पाच ग्रॅम. ८० जीएसएमचा ए-फोर कागद घडी घालून दुसऱ्या कपात टाकला, तराजू सरळ! असे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो आणि एका चौरस मीटरचं वजन ८० ग्रॅम. म्हणजे एका कागदाचे बरोबर पाच. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी पण.

आणि हो, आपण अजून पूर्ण मेट्रिक झालेलो नाही. साडी नऊवारी आहे, जमीन गुंठ्यात, वाळू ब्रासमध्ये आणि हार्डवेअरच्या दुकानात पाइप 'सुतात' मागतात. तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण सराफाकडे आज तोळा म्हटलं की १० ग्रॅम धरतात. यात वाईट काही नाही. कुठलं माप चाललंय, हे दोन्हीकडच्यांना माहीत असलं की झालं.

चमचाभर म्हणजे किती?

माहीत नसलं तर काय होतं, हे तिसऱ्या शनिवारी दिसलं. प्रत्येकानं घरून एक चमचा आणायचा होता. प्रश्न एकच: या चमच्यात सिरिंजनं किती पाणी मावतं? चहाचा चमचा, पोह्याचा चमचा, कुणाचा प्लास्टिकचा, कुणाचा जुना पितळी. सगळ्यात लहान चमच्यात चार मिलिलिटर, सगळ्यात मोठ्यात अकरा. आणि प्रत्येकाच्या घरी त्याला 'चमचा'च म्हणतात.

तेवढ्यात एका मुलानं हात वर केला. "ताई, माझ्या छोट्या भावाला आई याच चमच्यानं औषध देते." त्याचा चमचा पोह्याचा होता. नऊ मिलिलिटरचा. औषधाचा चमचा म्हणजे पाच मिलिलिटर धरतात. वर्ग शांत झाला. माझ्या घरीही खोकल्याचं औषध पोह्याच्याच चमच्यानं दिलं जायचं, हे मला तेव्हा आठवलं. बाटलीचं मापाचं झाकण कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडलेलं असायचं.

मैत्रिणीनं मग ओआरएसचं पाकीट काढलं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते एकाच पेल्यात घोळवलं, तर द्रावण फार तीव्र होतं आणि जुलाब झालेल्या बाळाला ते अपायकारक ठरू शकतं. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्यायचं. लिटरची बाटली घरात असतेच. त्या दिवशी प्रत्येक मुलानं औषधाची मापाची टोपी काढून घरी वर्तमानपत्राच्या कागदावर चित्र काढून आणायचं ठरलं: टोपीवर ५ ची खूण कुठे आहे ती.

आकडा बाहेरून तपासायचा

बाजारातल्या वजनावर विश्वास ठेवतो तो कुणाच्या भरवशावर, हेही मी यानिमित्तानं शोधलं. भाजीवाल्याच्या वजनावर, काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. त्यांची वजनं त्यांच्यापेक्षा अचूक वजनांशी पडताळतात. ती आणखी अचूक वजनांशी. ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिथे भारताचा किलो जपलेला आहे, ५७ क्रमांकाची प्रत. पॅरिसजवळच्या मूळ धातूच्या किलोवरून जगाचा किलो ठरायचा. २० मे २०१९ पासून तो निसर्गातल्या एका स्थिरांकावरून ठरतो. मीटरही १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावरून ठरतो. पण साखळी तीच आहे. कुणीही एकट्यानं 'माझंच खरं' म्हणत नाही. प्रत्येक जण आपल्याहून पक्क्या मापाशी जाऊन स्वतःला तपासून घेतो.

आमच्या वर्गात ती साखळी सुरू केली एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या टेपनं.

शेवटच्या शनिवारी मी मुलांच्या वह्या बघत होते. बहुतेकांनी ९३ खोडून ९० केलं होतं. सुबक, व्यवस्थित, आम्ही जर्नलमध्ये करायचो तसं. त्या मुलीच्या वहीत मात्र दोन्ही आकडे होते. ९३, खाली ९०.२, आणि समोर लिहिलेलं: 'पहिली पट्टी छोटी होती. ताईंनी प्रिंट चुकवली.'

मी तिला म्हटलं, "माझं नाव लिहायची काय गरज होती?" ती म्हणाली, "मग नंतर कसं कळणार, का चुकलं ते?"

उरलेल्या वह्यांमधलं खोडलेलं ९३ आम्ही सगळ्यांना पुन्हा लिहायला लावलं.

चला, मोजायला!

जवळच्या शाळेत जायचं असेल किंवा घरातल्या छोट्या भावंडांबरोबर शनिवार घालवायचा असेल, तर एवढं पुरे:

• पट्टीची प्रिंट 'ॲक्चुअल साइज' निवडूनच काढा आणि तिनं ए-फोर कागद मोजून बघा. पट्टी एका कागदापेक्षा लहान असेल तर खूण करून दोनदा ठेवा. २९.७ आलं तर पट्टी पास.

• झिजलेल्या पट्टीचं शून्याचं टोक वापरू नका. एकपासून मोजा आणि शेवटी एक वजा करा.

• एका पानाची जाडी मोजायची? शंभर पानांची मोजा, शंभरानं भागा. वहीची एक शीट म्हणजे एक पान. दोन्ही बाजूंचे नंबर मोजू नका.

• सिरिंज किंवा मोजपात्र वाचताना डोळा पाण्याच्या पातळीशी समोर आणा. पाण्याचा वरचा भाग कडेला थोडा वर चढतो, आकडा मधल्या खोलगट भागावरून घ्या.

• एक मीटर दोरीला दगड बांधा, छोटे झोके द्या. हलवून सोडताना 'शून्य' म्हणा. दहा झोक्यांना साधारण वीस सेकंद लागतात. नाही लागले तर उत्तर बदलू नका, दोरी बघा.

• घरातल्या औषधाच्या बाटलीची मापाची झाकणं आजच शोधून ठेवा.